कंपनीचा पैसा आणि वस्तीची चूल



चार बायकांनी मिळून चालविलेले स्वयंपाकघर, चाळीच्या गच्चीवरील भाजीचा मळा, शाळकरी पोरांची सकाळची न्याहारी, अशा लहान कामांस कंपन्यांचा पैसा मिळू शकतो काय, आणि मिळाल्यास तो घ्यावा काय, एवढाच आजचा विषय आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. लगतच्या मागील वर्षी ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांवर गेला, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील २ टक्के सामाजिक कार्यावर खर्चावयाचे आहेत. या कार्यांच्या यादीत आरंभीच भूक, दारिद्र्य आणि कुपोषण यांचे निवारण आहे. कंपनीने आपल्या आसपासच्या परिसरास अग्रक्रम द्यावा, असेही कलम म्हणते. तेव्हा कारखान्याचा धूर जी वस्ती सोसते, तिने त्याच्या कचेरीत मान खाली घालून जाण्याचे कारण नाही.

पण दाराशी उंबरठा आहे. १ एप्रिल २०२१ पासून असा पैसा घेऊन काम करणाऱ्या संस्थेस केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी आयकर कायद्याखालील कागद आधी हाती असावे लागतात. नुसत्या बचत गटापाशी ते नसतात. त्याने नोंदलेल्या संस्थेचा हात धरावा, अथवा कंपनीलाच ते काम स्वतः करावयास सांगावे. तहान लागल्यावर विहीर खणावयास बसू नये.

आता दुसरा प्रश्न. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले. देणगी घ्यावयाची नाही, हा लिज्जतचा नेम. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली. दोन्हीकडे पैसा फेडावयाचा होता; म्हणून पै-पैचा हिशेब बायकांच्याच हाती राहिला, असे आम्हांस वाटते. अनुदान फेडावे लागत नाही. हीच त्याची गोडी, आणि धोकाही हाच. कायद्याप्रमाणे चालू प्रकल्पाची मुदत आरंभीचे वर्ष सोडून फार तर तीन वर्षे. भूक मात्र त्यानंतरही लागतेच!

म्हणून आमचे म्हणणे असे की, कंपनीचा पैसा टिकणाऱ्या वस्तूंत घालावा: भांडी, शेगड्या, धान्याच्या कोठ्या, पाण्याची टाकी, बायकांचे शिक्षण. रोजचे धान्य आणि मजुरी विकलेल्या थाळीतून निघावी.

कोणी विचारील, ज्या पोरापाशी दिडकीही नाही, त्याच्या थाळीचे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कंपनीपाशी नाही. २०१३ च्याच अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीतील बालकास आणि सरकारी शाळेतील मुलास अन्नाचा हक्क दिला आहे. तेथे कंपनीचा पैसा पुरवणी म्हणून यावा; सरकारने त्याच्या आड लपता कामा नये. हक्काची थाळी सरकारकडून मागावी, चुलीचे साहित्य कंपनीकडून घ्यावे, आणि चूल मात्र आपल्या हाताने पेटवावी.