जुन्या टी-शर्टांचं वेणीचं बसकर



सुगी आटोपली की घरातली जुनी कापडं बाहेर निघतात. लुगडं असेल, धोतर असेल, तर त्याची गोधडी होते. ते तुम्हाला सांगायला नको. पण हल्ली घरोघर जो कपडा सगळ्यात जास्त साठलेला असतो, त्याची गोधडी काही धड होत नाही. तो म्हणजे टी-शर्ट. पोरांच्या खेळाचा, गणेश मंडळाचा, निवडणुकीत वाटलेला, बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेला. सुईखाली तो ताणतो, टाका ओढला की गोळा होतो. मग तो गाडी पुसायला जातो, नाही तर फवारणीला. या टी-शर्टांची वेणी घालून बसकर कसं करायचं, ते आज सांगते. पण त्याआधी कोणता टी-शर्ट या कामाला मुळीच घ्यायचा नाही, ते ऐका.

सगळा ढीग समोर घ्या आणि फवारणीला वापरलेले कपडे आधी बाजूला काढा. पाठीवरचा पंप थोडा तरी गळतोच. औषध पाठीवर, खांद्यावर उतरतं आणि सुती कापड ते पिऊन घेतं. तुम्ही म्हणाल, "चांगला दोनदा धुतलाय की!" धुतला असेल. पण पाण्यात टाकल्यावर दुधासारखी होणारी जी तेलकट औषधं असतात, ती साबणानं पुरती निघत नाहीत. आणि बसकरावर बसतं कोण? रांगतं मूल. ते त्यावर लोळतं, त्याचं टोक तोंडात घालतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसं गेली. औषध कातडीतून अंगात जातं, हे तेव्हा साऱ्यांना कळलं. तोच कपडा आपण हौसेनं पोराच्या अंगाखाली घालायचा का?

म्हणून फवारणीचा टी-शर्ट ओळखू येईल असा ठेवा. एक बाही कापून टाका, म्हणजे चुकून कुणी उचलणार नाही. तो वेगळ्या बादलीत धुवा, घरच्या कपड्यांत मिसळू नका. ज्याच्यावर बाटलीतलं औषध तसंच, पाणी न घालता सांडलं असेल, तो धुण्याच्याही भानगडीत पडू नका. कातरून निकामी करा आणि टाकून द्या. चुलीत घालू नका. विहिरीजवळ, ओढ्यात किंवा गोठ्याकडे तर अजिबात टाकू नका.

आता उरलेल्या ढिगातला सुती कोणता आणि पॉलिस्टरचा कोणता, ते पाहायचं. कापडातलाच एक धागा काढा, चिमट्यात धरून अंगणात पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही तसाच येतो, मागे मऊ राख राहते. पॉलिस्टरचा धागा आखडतो, वितळतो आणि त्याची टणक गोळी होते. कपडा मिसळीचा असला तर दोन्ही खुणा दिसतील. तो पॉलिस्टरमध्येच धरा. सुती टी-शर्टांचं बसकर घरात बसायला करा. पॉलिस्टरचं करायचं तर दाराबाहेर पायपुसणं म्हणून टाका. चुलीपुढे बसायला तर ते नकोच. ठिणगी पडली की ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. शिवाय ओले पाय पुसायलाही सुतीच बरं, ते पाणी ओढून घेतं.

कापायचं कसं, ते आता नीट समजून घ्या. लुगड्याचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं असतं. त्याची चिंधी फाडली की कडेचे धागे सुटतात. टी-शर्टचं कापड स्वेटरसारखं फाशात फासा घालून विणलेलं असतं. त्याची पट्टी कापून ताणली की दोन्ही कडा आपोआप आत वळतात आणि पट्टीची गोल दोरी होते. कड दुमडायला नको, शिवायला नको. गोधडीला जो दोष, तोच इथे गुण.

टी-शर्ट जमिनीवर सपाट पसरा. खालची शिवलेली पट्टी काढून टाका आणि दोन्ही काखांच्या खाली सरळ आडवा काप द्या. मधे नळीसारखा भाग उरेल. खालच्या कडेपासून तिरकं चढत दोन इंचांवर या आणि मग तेवढीच रुंदी ठेवून गोल गोल कापत वर जा. गोल चामड्यातून लांबच लांब वादी काढतात ना, तसं. छातीचा घेर ४० इंच आणि काखेखालची उंची १६ इंच असेल, तर आठ फेरे निघतात. म्हणजे एका टी-शर्टातून साधारण २६ फूट पट्टी. छातीवर रबरासारखा जाड छाप असेल तर तेवढा भाग सोडून द्या. तिथे पट्टी वळत नाही आणि बसताना टोचते. तीन फूट लांब, दोन फूट रुंद बसकराला मोठ्या माणसाचे आठ-दहा टी-शर्ट धरून चाला.

पट्ट्या चार-पाच हातांच्याच ठेवा. फार लांब ठेवल्या तर वेणी घालताना गुंता होतो. जोड देताना शिवत बसू नका. दोन्ही पट्ट्यांच्या टोकाजवळ काजासारखी छोटी चीर पाडा. नव्या पट्टीची चीर जुनीच्या टोकावर ओवा, मग नव्या पट्टीचं मोकळं टोक खालून जुनीच्या चिरेतून वर काढा आणि ओढा. गाठ बारीक बसते. तिन्ही पेडांचे जोड मात्र एका जागी येऊ देऊ नका.

वेणी साधी तीन पेडांची. "हे बायकांचं काम," असं पुरुषमंडळींनी म्हणू नये. कासरा, गोफण, दावं वळणारे हात कुणाचे आहेत? सुरुवातीचं टोक खुंटीला नाही तर खाटेच्या गाताला बांधा आणि सारख्या ताणानं वळत चला.

आता शिवण. सगळं बसकर बिघडतं ते इथे. माझं पहिलं बसकर मी मांडीवर घेऊन शिवलं, वेणी ताणून ताणून. संपल्यावर पाहते तर बसकर कसलं, चांगलं खोलगट डालगं झालं होतं! कोंबडीनं त्यात अंडी घातली. घरात अजून ते हसण्यावारी निघतं. तेव्हा शिवायला बसाल ते जमिनीवर, नाही तर पाटावर. गोल हवं असेल तर वेणीचं टोक स्वतःभोवती गुंडाळत जा. लांबट हवं असेल तर लांबीतून रुंदी वजा करा; जे उरेल तेवढी मधली सरळ ओळ. तीन बाय दोन फुटांना एक फूट. दाभणात गोधडीचा दोरा दुहेरी ओवा आणि शेजारच्या दोन वेण्यांचे कडेचे पेड एकमेकांना गुंतवत चला. सरळ बाजूला पेडास पेड घ्या. वळणावर मात्र बाहेरच्या वेणीला सैल सोडा, तिचा एखादा पेड मधे मोकळा ठेवा. कडा वर उचलायला लागल्या तर वेणी ताणली गेली, असं समजा. झालरीसारख्या लाटा आल्या तर जास्त सैल सुटली. दोन फेरे उसवा आणि पुन्हा घाला. पुढे आपोआप बसेल म्हणून रेटू नका, बसत नाही. शेवटी पट्ट्या निमुळत्या कापा, म्हणजे वेणी बारीक होत जाईल. टोक खालच्या अंगाला वळवून पक्कं करा.

घरात फरशी असेल तर बसकर सरकतं आणि म्हातारं माणूस पडतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे खालून टाका. सारवलेल्या जमिनीवर मात्र ओलं बसकर पडू देऊ नका. खालचं सारवण निघतं आणि सूतही कुजतं. पावसाळ्यात रोज सकाळी उचलून झटका, खाली विंचू-गोम दडून बसतात. धुतल्यावर ते फार जड होतं. दोरीवर एका बाजूनं टांगलं तर लोंबून वाकडं होतं. खाटेवर नाही तर कुंपणावर सपाट पसरा.

पहिल्या खेपेला दोन फुटांचं गोल बसकर करा, चार-पाच टी-शर्टांत होईल. कातरीला मात्र आधी धार लावून घ्या. बोथट कातरीनं हे कापड कापलं जात नाही, नुसतं चावलं जातं.