माझा आवाज पोचतो का?



आज आम्ही एका भोकाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजींना दुसरा विषय मिळाला नाही काय? पण हे भोक साधे नाही. ते मोबाईलच्या बुडाशी असते. ज्वारीच्या दाण्याहून लहान असते. ते बुजले म्हणजे आईचा आवाज लेकाला पोचत नाही. मग काय होते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या शेजारी एक वहिनी राहतात. त्यांचा मुलगा गलाईच्या धंद्यात आहे. सोने-चांदी गाळण्याचे हे काम. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची पुष्कळ माणसे त्यासाठी परमुलखात गेली आहेत. हा मुलगा तामिळनाडूत कोइमतूरला असतो. रोज संध्याकाळी तो व्हॉट्सअ‍ॅपवरून आईला फोन करी. नातवंडांचे बोल ऐकवी.

पुढे मुलगा सारखा म्हणू लागला, "आई, मोठ्यानं बोल. ऐकू येत नाही." वहिनी ओरडून बोलू लागल्या. तरी तेच. मग बोलणे लवकर आटपू लागले. रोजचा फोन आठवड्यावर गेला. वहिनींच्या मनाने घेतले, लेकाला आपला कंटाळा आला. तिकडे मुलाच्या मनाने घेतले, आईच्या अंगात त्राण उरले नाही, ती आजार लपवते आहे. दोघेही मनात झुरत होती.

एक दिवस वहिनी आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, माझा आवाज कुठं अडतोय, बघा की." आम्ही मोठ्या शहाणपणाने सांगितले, "फोनच्या बाजूचे बटण दाबा. आवाज वाढेल." त्यांनी बटण दाबले. उपयोग झाला नाही.

शेवटी आम्ही फोन घेऊन तालुक्याच्या गावी गेलो. तिथे आमचा एक जुना विद्यार्थी मोबाईल दुरुस्त करतो. त्याने फोन उजेडात धरला आणि तो हसला. "गुरुजी, ह्यात ज्वारीचं पीठ आहे!"

वहिनी भाकरी थापता थापता फोन घेत असत. पिठाचा हात फोनला लागे. कण कण करून भोक भरले. एवढेच कारण!

त्या दिवशी शिष्याने गुरूला जे शिकवले, ते आता तुम्ही ऐका.

त्या भोकाच्या आत माईक असतो. माईकमध्ये फार पातळ पडदा असतो. हलगीचे कातडे थरथरते, तसा आपल्या बोलण्याने तो थरथरतो. त्या थरथरीची वीज होते. विजेचे आकडे होतात. त्या आकड्यांचे लहान लहान गठ्ठे करून फोन ते नेटवरून पाठवतो. पलीकडचा फोन गठ्ठे सोडून पुन्हा आवाज करतो. पण पडद्यापर्यंत आवाजच थोडा गेला, तर पुढे थोडाच जाणार. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

ही अडचण आजची नाही. १८७६ साली अमेरिकेत अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोन केला. त्यातून आवाज फार बारीक येई. १८७७ च्या सुमारास एडिसन यांनी कार्बन वापरून नवा माईक केला. मग आवाज मोठा झाला. १८८२ साली टेलिफोन मुंबईत आला. व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलण्याची सोय २०१५ साली झाली. यंत्रे बदलली. पण बोलणाऱ्याचा आवाज आधी माईकने धरावा लागतो, हे काही बदलले नाही.

आता दोष कसा ओळखावा?

पहिली गोष्ट. पलीकडच्याला विचारा, "आवाज तुटतो, की बारीक येतो?" मधले मधले शब्द गळत असतील, तर बहुधा नेट कमी आहे. ओसरीवर या. रेंज असेल तिथे उभे राहा. पण आवाज सलग येतो आणि बारीक येतो, तर माईककडे पाहा.

दुसरी गोष्ट. आणखी दोघांना फोन करून पाहा. सगळेच "बारीक येतो" म्हणाले, तर दोष आपल्या फोनचा. एकटाच म्हणाला, तर त्याचा फोन तपासायला सांगा.

तिसरी गोष्ट. आपला आवाज आपण ऐका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आवाज भरून पाठवता येतो. घरातल्याच दुसऱ्या फोनवर तो पाठवा आणि ऐका. तो स्वच्छ आला, तर तुमचा माईक धड आहे. मग ब्लूटूथ बंद करून पाहा. कधी कानातले यंत्र पिशवीत चालू राहते. आपण फोनपाशी बोलतो, आणि माईक चालतो पिशवीतला! कानाला वायर लावली असेल, तर तीही काढून पाहा.

आवाज बारीकच आला, तर फोनचे कव्हर काढा. पुष्कळदा कव्हरच भोकावर बसते. मग फोन बंद करा. भोक खाली येईल असा धरा. मऊ, कोरडा, न वापरलेला दात घासायचा ब्रश घ्या. हलक्या हाताने भोकावरून फिरवा. पीठ, धूळ खाली पडेल. मग फोन चालू करून पाहा.

आणि हे मुळीच करू नका. भोकात सुई घालू नका. टाचणी घालू नका. आतला पडदा फाटेल. सिमकार्ड काढायला टाचणी लागते, हे खरे. पण ते भोक वेगळे. ते सिमच्या खाचेजवळ असते. भोकात पाणी किंवा रॉकेल सोडू नका. तोंडाने फुंकर मारू नका, वाफ आत जाते. एवढे करूनही आवाज वाढला नाही, तर दुकानात जा. माईक बदलता येतो.

आता आमच्या त्या बटणाचे सांगतो. बाजूच्या बटणाने आपल्याला येणारा आवाज वाढतो. आपला जाणारा आवाज त्याने वाढत नाही. आमचा सल्ला साफ चुकला होता. वय झाले म्हणून सगळे कळते असे नाही, बरं का!

बोलण्याचीही रीत आहे. फोन दूर ठेवून बोलू नका. अंतर दुप्पट केले, तर मोकळ्या जागी आवाजाचा जोर चौथाई उरतो. म्हणून फोन वीतभर अंतरावर असू द्या. बोटाने भोक झाकू नका. गिरणीपाशी किंवा चालू मोटरपाशी बोलू नका. फोन गोंगाट दाबायला जातो, आणि त्याबरोबर आपले बोलणेही दबते. ओरडू मात्र नका. ओरडण्याने आवाज फाटतो. शब्द कळत नाहीत.

त्या संध्याकाळी वहिनींनी हात धुतले, पुसले आणि मुलाला फोन लावला. सवयीप्रमाणे त्या ओरडूनच बोलल्या. पलीकडून मुलगा म्हणाला, "आई, हळू बोल गं! कान फुटला माझा!" वहिनी हसल्या. मग पदराने डोळे पुसू लागल्या. त्या दिवशी चूल उशिरा पेटली.

मंडळी, आपला आवाज पलीकडे कसा जातो, हे आपल्याला कळत नसते. ते ऐकणाऱ्यालाच कळते. म्हणून बोलणाऱ्याने विचारावे, "माझा आवाज पोचतो का?" आणि ऐकणाऱ्याने उगीच "हो, हो" म्हणू नये. खरे काय ते सांगावे. डॉक्टरांशी फोनवर बोलताना तर हे नक्कीच करावे. एक शब्द ऐकू आला नाही, तर भलतेच औषध पोटात जाईल.

लेक बदलला, सून बदलली, असे मनात आणण्यापूर्वी एकदा ते भोक पाहा. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने फोन उजेडात धरावा. आणि भाकरी थापताना फोन आला, तर आधी हात धुवावा. मुलगा तेवढा वेळ थांबेल.

राम राम.