एका सभागृहातले दोन सभापती

गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत, त्या मुक्तीचा कस साउथ कॅरोलायना राज्यात लागला.

राज्यात कृष्णवर्णीय निम्म्याहून अधिक. पंधराव्या घटनादुरुस्तीने १८७० साली कृष्णवर्णीय पुरुषांचा मताधिकार पक्का केला होता आणि त्यांची मते प्रामुख्याने लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला पडत. मतदान सरळ झाले तर डेमोक्रॅटांची हार ठरलेलीच. त्यावरचा उपाय डेमोक्रॅट नेते मार्टिन गॅरी यांनी चक्क लिहून काढला : प्रत्येक डेमोक्रॅटाने किमान एका कृष्णवर्णीयाचे मत धाक दाखवून, विकत घेऊन किंवा त्याला मतदानापासून दूर ठेवून आपल्या मुठीत ठेवावे. ८ जुलैला हॅम्बर्ग गावात शंभराहून अधिक गोऱ्यांनी कृष्णवर्णीय शिपायांच्या तुकडीवर हल्ला केला. सहा कृष्णवर्णीय मारले गेले; त्यांतल्या चौघांना तर पकडल्यावर ठार केले. पुढे लाल सदरे घातलेले सशस्त्र घोडेस्वार रिपब्लिकन सभांवर चाल करून जाऊ लागले.

मतपत्रिका तेव्हा सरकार नव्हे, पक्षच छापत. निरक्षर मतदार चित्र पाहून आपली पत्रिका ओळखत. म्हणून डेमोक्रॅटांच्या कित्येक पत्रिकांवर लिंकनचे चित्र झळकले. एजफिल्ड काउंटीत मतदारांपेक्षा मतेच जास्त निघाली.

इतके होऊनही रिपब्लिकन उमेदवार रदरफोर्ड हेज राज्यात ८८९ मतांनी पुढे राहिले.

वाद मात्र मिटला नाही. एजफिल्ड आणि लॉरेन्स इथले विधानसभेचे निकाल मतांची छाननी करणाऱ्या राज्याच्या मंडळाने रोखले, डेमोक्रॅटांनी ते धुडकावले. राजधानी कोलंबियातल्या एकाच सभागृहात रिपब्लिकनांचे मॅकी आणि डेमोक्रॅटांचे वॉलेस हे दोन सभापती चार दिवस ठाण मांडून बसले. रिपब्लिकन चेंबरलेन आणि डेमोक्रॅट हॅम्प्टन या दोघांनीही गव्हर्नरपदाची शपथ घेतली.

अध्यक्षपदाच्या वादात वॉशिंग्टनमध्ये पंधरा जणांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात मतांनी हेज यांच्या बाजूने कौल दिला. राज्यांच्या वाट्याला येणाऱ्या निर्वाचक मतांत १८५ विरुद्ध १८४ असे जिंकून ते अध्यक्ष झाले. साउथ कॅरोलायनाची ७ मते नसती, तर हरले असते. ती मते जिवावर उदार झालेल्या कृष्णवर्णीयांनी मिळवून दिली होती. त्याच हेज यांच्या आदेशाने १० एप्रिल १८७७ रोजी चेंबरलेन सरकारला राखणारे केंद्राचे सैन्य कोलंबियाच्या विधानभवनातून निघाले. चेंबरलेन यांनी पद सोडले आणि मतदारांचा पाठीराखा उरला नाही.

१८८२ मध्ये राज्याने प्रत्येक पदासाठी वेगळी मतपेटी ठेवली. चुकीच्या पेटीतले मत बाद. पेटीवरचे नाव ज्याला वाचता येत नाही, त्याने काय करायचे? १८९५ च्या राज्यघटनेने मतदारनोंदणीलाच साक्षरतेची किंवा मालमत्तेची अट घातली. केंद्राचा मताधिकार कायदा १९६५ साली आला, तोवर १८७६ च्या मतदारांची नातवंडे म्हातारी झाली होती.