परमुलखातील नोकरी : माझा एक पश्चात्ताप

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे आयुष्य विजेच्या खांबांवर चढण्यात आणि मोटर-पंप दुरुस्त करण्यात गेले. तेव्हा या व्यासपीठावर मला का बोलाविले, हे आधी सांगावयास हवे. गेल्या महिन्यात आपल्याच मोहल्ल्यातील एक पालक माझ्याकडे आले. मुलाने आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला आहे आणि त्याला सौदी अरेबियात नोकरी मिळते आहे. कागद पुढे करून ते म्हणाले, "चाचा, ठिकाण तबूक लिहिले आहे. तुम्ही तिकडेच होता ना? कसा मुलूख आहे?" मी त्यांना दोन तास बसवून घेतले. ही गोष्ट चिटणीस साहेबांच्या कानावर गेली आणि त्यांनी, हेच सर्वांना सांगा, असा आग्रह धरला.

तबूक हे नाव आता आपल्या मुलांच्या कानावर वारंवार येते, कारण २०१७ साली जाहीर झालेला निओम नावाचा प्रचंड प्रकल्प त्याच प्रांताच्या किनाऱ्यावर आहे. मी गेलो १९८२ च्या जानेवारीत. त्या वेळी आपल्या भागातील माणसे कुवेत, दुबई, दम्माम येथे असत. तबूकला गेलेला माणूस मला ठाऊक नव्हता. खरे सांगायचे तर तबूक हे ठिकाणच मला ठाऊक नव्हते.

मी सव्वीस वर्षांचा होतो. आयटीआयमधून वायरमन होऊन वीज मंडळात कायम झालो होतो. पगार सातशेच्या घरात. घर वाशिष्ठीच्या खाडीकाठी, वीस गुंठे भातशेती, आंब्याची काही कलमे. घरी आई, पत्नी आणि शाळेत शिकणारा धाकटा भाऊ. वडील आधीच वारले होते. खाऊनपिऊन बरे चालले होते, परंतु शेजारच्या दोन घरांवर स्लॅब पडला आणि आमच्या घरावर कौले राहिली, ही गोष्ट मनात सलू लागली. मुंबईतील एका एजंटाकडे नऊ हजार रुपये भरले. त्यासाठी आईच्या पाटल्या मोडल्या आणि कलमे गहाण टाकली. आमच्या साहेबांनी सांगितले होते की, राजीनामा देण्यापूर्वी बिनपगारी रजेचा अर्ज तरी टाकून पाहा. मी ऐकले नाही. अर्ज टाकला तर व्हिसा हातचा जाईल अशी भीती एजंटाने घातली होती. हा माझा पहिला मूर्खपणा.

दुसरा याहून मोठा. एजंटाने तोंडाने सांगितले, जेद्दा, बाराशे रियाल. सही केली तो कागद अरबीत होता. जेद्दाच्या विमानतळावर कंपनीच्या माणसाने आमचे पासपोर्ट जमा करून घेतले आणि आम्हाला गाडीत बसविले. एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस गाडी उत्तरेकडे चालली होती. अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. तेथे पोचल्यावर समजले की पगार साडेआठशे, त्यातून जेवणाचे दोनशे कापून. मी संतापलो, फसविले म्हणून ओरडलो. मग रात्री पेटीतून माझी प्रत काढली. आता, कुराणशरीफ वाचता येणाऱ्या माणसाला अर्थ कळला नाही तरी अक्षर ओळखता येते. ते, बे, वाव, काफ. तबूक. मुंबईत सही केलेल्या त्याच कागदावर हा शब्द होता. त्याच्या दोन ओळी खाली अरबी आकड्यांत ८५० होते. मला दोन्ही वाचता येत होते आणि मी वाचले नव्हते. एजंट खोटे बोलला यात शंका नाही. पण त्या रात्रीपासून त्याला शिव्या देताना माझी जीभ थोडी अडखळू लागली.

आता मुलखाविषयी. सौदी म्हणजे भट्टीसारखा उन्हाळा, एवढेच आपण धरून चालतो. तबूक समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. जानेवारीत रात्री पारा शून्याच्या जवळ येतो, कधी खालीही जातो. जवळच्या डोंगरावर काही वर्षी बर्फ पडते. मी दोन सुती सदरे आणि एक सोलापुरी चादर घेऊन गेलो होतो. पहिले पंधरा दिवस एका पाकिस्तानी वेल्डरने दिलेल्या जुन्या कोटावर काढले. पाऊस वर्षाला तीस-चाळीस मिलिमीटर. आपल्या चिपळूणला साडेतीन हजारांच्या आसपास पडतो. म्हणजे तेथे सबंध वर्षात जेवढे पडते तेवढे आपल्याकडे आषाढातल्या एका सकाळी अंगणात साचते. समुद्र दोनशे किलोमीटर दूर. खाडीकाठच्या माणसाला समुद्र नसणे म्हणजे काय, हे मला तेथे समजले. दिशाच कळत नाहीत. आपल्याला वाऱ्यावरून भरती-ओहोटीचा अंदाज येतो. तेथला वारा धुळीखेरीज काही सांगत नसे.

आणि गंमत अशी की या वाळवंटात माझी नेमणूक शेतावर झाली, गव्हाच्या. त्या काळी सौदी सरकारने स्वतःचा गहू पिकविण्याचा मोठा घाट घातला होता. खोल विहिरी मारून जमिनीखालचे पाणी काढायचे आणि ते चारशे मीटर लांबीच्या लोखंडी नळातून शिंपडायचे. या यंत्राला पिव्होट म्हणतात. नळाचे एक टोक मध्यावर खिळलेले, बाकीचा नळ चाकांच्या टॉवरवर उभा, आणि प्रत्येक टॉवरला एक लहान मोटर. सारे मिळून घड्याळाच्या काट्यासारखे हळूहळू गोल फिरते. एका फेऱ्यात सव्वाशे एकर भिजते. माझे काम त्या मोटर, कॉन्टॅक्टर आणि टॉवरवरच्या छोट्या स्विचांचे. एक टॉवर मागे राहिला तर नळ वाकू नये म्हणून सबंध यंत्र आपोआप बंद पडते. धुळीने स्विच अडकला की रात्री दोन वाजता उठून, बॅटरी घेऊन, कोणता टॉवर मागे राहिला ते चालत शोधायचे. काम मला आवडे, हेही सांगितले पाहिजे. वीस गुंठ्यांच्या धन्याला पिवळ्या वाळूत ती हिरवी वर्तुळे पाहून अचंबा वाटे. ते पाणी मात्र हजारो वर्षांपूर्वीचे साठलेले होते, पुन्हा भरणारे नव्हते. पुढे २००८ साली सरकारने देशी गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले ते याच कारणाने.

राहावयास पत्र्याची केबिन, आठ माणसे. केरळचे, पाकिस्तानचे, मिसरचे, फिलिपाईन्सचे. मराठी बोलण्यास कोणी नाही. आमची अरबी मदरशातली, त्यांची बाजारातली. फोरमन "पाना आण" म्हणे तर मी त्याच्या तोंडाकडे पाहत राही. शुक्रवारी गावात गेलो तर जुन्या हिजाझ रेल्वेच्या स्टेशनाजवळ जाऊन बसत असे. दमास्कसहून मदिनेपर्यंतची ही लाईन १९०८ साली पुरी झाली आणि पहिल्या महायुद्धात मोडली. गाडी न येणाऱ्या स्टेशनावर बसलो की मन शांत होई. का, ते विचारू नका.

तुम्ही म्हणाल, मग घरी का नाही कळविले? येथे माझ्या मुख्य विषयाकडे येतो.

पत्राला पंधरा-वीस दिवस लागत. पत्र आईच्या नावे, परंतु आईला वाचता येत नसे. धाकटा भाऊ मोठ्याने वाची आणि ओटीवर अर्धा मोहल्ला ऐकावयास बसे. अशा पत्रात काय लिहिणार? फसलो असे लिहिले तर आईच्या पाटल्यांचे काय, अशी चर्चा गावभर. त्यात लोक म्हणत, "तू नशीबवान, पाक भूमीत आहेस." त्या भूमीतल्या नोकरीविषयी तक्रार करणे म्हणजे नाशुक्रीच, असे मलाही वाटे. मक्का-मदिनेची जियारत घडली, त्याबद्दल अल्लाहचे लाख शुक्र. परंतु फोरमनचा हिशेब आणि जियारत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे समजण्याएवढी अक्कल त्या वयात नव्हती. म्हणून मी लिहीत गेलो, "येथे सर्व खुशाल आहे." एकदा फोटो पाठविला. कंपनीच्या पिकअपच्या दारावर हात ठेवून, त्या वेल्डरचा कोट घालून उभा आहे. गाडी माझी आहे असे मी लिहिले नाही. नाही असेही लिहिले नाही.

पैशाने मी बुडालो, असा समज करून घेऊ नका. त्या वेळी रियालला पावणेतीन रुपये मिळत. खर्च वजा जाता मी घरच्या पगाराच्या दुप्पट पाठवीत होतो. कलमे सुटली. स्लॅब पडला. तेव्हा गेलो याचा मला पस्तावा आहे असे सरसकट म्हणणे खोटे ठरेल.

सव्वीस महिन्यांनी, १९८४ च्या मार्चअखेरीस, पहिल्या रजेवर आलो. दोन टेपरेकॉर्डर, कापड, अत्तराच्या बाटल्या, सगळे आणले. भावाची बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. गणितात तो हुशार. त्याच्या सरांनी मला रस्त्यात थांबवून सांगितले, "याला इंजिनिअरिंगला घाला. खर्चाची अडचण असेल तर सांगा, काही तरी करू." खर्चाची अडचण नव्हतीच. तेवढ्यासाठी तर मी गेलो होतो ना? एका रात्री पडवीत आम्ही दोघेच होतो. तो म्हणाला, "भाई, खरे सांग. तिकडे कसे आहे?"

सांगावयास यापेक्षा चांगली वेळ कोणती? ओटीवर कोणी नव्हते. पत्र मोठ्याने वाचले जाणार नव्हते. मी म्हणालो, "ठीक आहे. नशीब लागते."

त्याने या चार शब्दांचा अर्थ त्याच्या परीने लावला. मी परत गेलो आणि चार महिन्यांत आईचे पत्र आले की, त्याने कॉलेजात नाव घातले नाही, त्याच एजंटाकडे पैसे भरले आहेत. पैसे मीच पाठविलेले. मी तार करू शकलो असतो. केली नाही, कारण तारेत काय लिहावे हे सुचेना. अडीच वर्षे जे लपविले ते दहा शब्दांत कसे सांगणार? तो दम्मामला बांधकामावर हेल्पर म्हणून गेला. १९८६ साली तेलाचे भाव कोसळले, कामे बंद पडली आणि त्याची कंपनी पाच महिन्यांचा पगार थकवून मोडली. १९८७ च्या सुरुवातीला तो एक बॅग घेऊन घरी आला. वय एकवीस. पुन्हा पुस्तक हातात घेतले नाही. त्याच वर्षी मीही परतलो. वीज मंडळातील जागा अर्थातच गेली होती. मोटर रिवाइंडिंगचे दुकान टाकले.

भावाने मला कधी दोष दिला नाही. त्याने रिक्षा चालविली, मग किराणा मालाचे दुकान काढले, मुली शिकविल्या. एकदाच, पुष्कळ वर्षांनी, कोणाच्या तरी लग्नात गप्पा चालल्या असता हसत म्हणाला, "भाईचा तो गाडीजवळचा फोटो मी गणिताच्या वहीत ठेवला होता." सगळे हसले. मला जेवण गेले नाही.

आता नियमांविषयी दोन शब्द, कारण काळ बदलला आहे. मी गेलो तेव्हा १९२२ चा जुना कायदा होता. १९८३ साली नवा एमिग्रेशन कायदा झाला. दहावी न झालेल्या माणसाला सौदीसारख्या देशात नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते आणि त्याचा करार तपासला जातो. दहावी झालेल्याला ही परवानगी लागत नाही. पालकांना ही सवलत वाटते. माझ्या मते तीत धोकाही आहे, कारण शिकलेल्या मुलाचा कागद मग कोणीच तपासत नाही, त्याने स्वतः वाचला तरच वाचला. मार्च २०२१ पासून सौदीत काही अटींवर मालक बदलण्याची आणि मालकाच्या संमतीवाचून देश सोडण्याची मुभा मिळाली, परंतु घरकामगार, घरगुती चालक आणि शेतावरचे मजूर त्यातून वगळले होते. म्हणून व्हिसावर धंदा काय लिहिला आहे ते पाहा. मुलगा इलेक्ट्रिशियन आणि व्हिसा शेतमजुराचा, असे कागद मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. गावाचे नाव नकाशात शोधा. तेथे हिवाळा कसा असतो ते विचारा. आणि जे तेथून रजेवर आले आहेत त्यांना चारचौघांत विचारू नका. पडवीत, एकटे गाठून विचारा.

जे रजेवर येतात त्यांना माझी वेगळी विनंती आहे. तुम्हाला असे कोणी एकटे गाठून विचारले, तर काय बोलता याकडे लक्ष द्या.

गेल्या महिन्यात आलेल्या त्या मुलाचा कागद आम्ही वाचला. आम्ही म्हणजे मी आणि माझा भाऊ. गेली काही वर्षे रविवारी सकाळी त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही बसतो. ज्याला कागद दाखवायचा असेल त्याने यावे, पैसे लागत नाहीत. मी गावाचे नाव, धंदा आणि शर्ती पाहतो. मूळ पगार, ओव्हरटाइम, जेवणाची कपात, एजंटाचे कर्ज किती महिन्यांत फिटेल, हा सारा हिशेब भाऊ करतो. त्याला अजून कागद-पेन्सिल लागत नाही.