जागा रिकामी, हक्कही रिकामा
(तेरखेडा येथे ग्रामस्थ व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो ऐकून पुष्कळांस वाटेल की हा विषय या गावचा नव्हे. विद्यापीठात व त्याच्या महाविद्यालयांत कायदा शिकविण्यासाठी अर्धवेळ अध्यापक नेमतात. ते कसे नेमतात, कोणास नेमतात आणि त्यांस काय देतात, हा तो विषय. तेरखेडा हे फटाक्यांचे गाव. येथे दारू भरणारे हात आहेत, शेतात राबणारे हात आहेत. त्यांस विद्यापीठाच्या नेमणुकांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, कर्तव्य आहे आणि ते तुमच्या चुलीपर्यंत येऊन भिडते.

फटाक्याची दारू करावयाची वा साठवावयाची तर परवाना लागतो. त्यासाठी 1884 सालापासून कायदा आहे. काम करताना मजूर भाजला वा मेला तर मालकाने भरपाई द्यावी, ही तरतूद 1923 सालापासून आहे. पण छापील कायदा आपल्या पायांनी चालत विधवेच्या दारी येत नाही. अर्ज कोठे करावा, मजुरीचा पुरावा कोणता द्यावा, हे सांगणारा वकील लागतो. तो गरिबाच्या घरचा असेल तर गरिबाचे दुःख त्यास समजावून सांगावे लागत नाही. असा वकील निपजावयाचा तर त्यास शिकविणारा गुरूही तसाच पाहिजे. म्हणून गुरूच्या नेमणुकीचा प्रश्न हा तुमचाच प्रश्न आहे.

हे आम्ही नवीन सांगत नाही. 1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात शक्य तेथवर शेतकरी वर्गातूनच शिक्षक तयार करावेत, असे त्यांनी मागितले. कारण असा शिक्षक त्या लोकांत मिसळेल आणि त्यांची गरज ओळखील. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी तर अस्पृश्य समाजातील माणसांस वकिलीच्या सनदा दिल्या. शाळा काढाव्यात, वसतिगृहे बांधावीत, हे अनेकांस सुचते. पण कोर्टाची पायरी ज्यांच्यासाठी बंद, त्यांच्याच हाती सनद द्यावी, हे ज्यास सुचले त्याची दृष्टी किती लांबची!

आपल्या या भागाची कथा आणखी निराळी. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कोर्टाची भाषा उर्दू, 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषाही उर्दू, आणि कुणब्याच्या तोंडी मराठी. आपल्याविरुद्ध निकाल काय झाला हेही दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयाचे! मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ 1958 साली मिळाले. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले ते 1994 साली, आणि त्यासाठी लोकांस काय सोसावे लागले हे येथील वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे.

आता अर्धवेळ नेमणुकीकडे वळू. ही पद्धत मुळात वाईट आहे काय? आमच्या मते नाही. स्वतः बाबासाहेबांनी 1925 ते 1928 या काळात मुंबईच्या एका हिशेबशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा अर्धवेळ शिकविला. 1928 साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात अर्धवेळ प्राध्यापक झाले आणि 1935 साली त्याच कॉलेजाचे प्राचार्य झाले. एका हाताने वकिली, दुसऱ्या हाताने समाजकार्य, आणि तरीही वर्गात उभे राहून कायदा शिकविणे, हे त्यांनी केले. 1936 साली कायद्याच्या शिक्षणाच्या सुधारणेवर त्यांनी स्वतंत्र लेखही लिहिला. तेव्हा अर्धवेळ शिकविणे हे कमीपणाचे काम नव्हे.

सरकारचा नियमही हेच मानतो. 1979 च्या नियमाप्रमाणे चालू वकिली करणाऱ्या माणसास दिवसाकाठी तीन तासांपर्यंत कायदा शिकविता येतो; तेवढ्याने त्याच्या सनदेस बाध येत नाही. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत पूर्णवेळ अध्यापक किती असावेत हे सांगितले आहे, आणि कोर्टात वावरणाऱ्यांनी पाहुणे म्हणून येऊन शिकवावे यासही जागा ठेवली आहे. दावा कसा लिहावा, तडजोड कशी करावी, साक्ष कशी तपासावी, हे ज्याने कोर्टात घाम गाळला त्याच्याकडूनच शिकावे. पोहणे विहिरीच्या काठावर बसून शिकता येत नाही.

मग दुखणे कोठे आहे? चटणी तोंडी लावण्यापुरती असते. पण भाकरी काढून घेऊन ताटात नुसती चटणीच वाढली तर त्यास जेवण म्हणावे काय? पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवावयाच्या आणि सारा अभ्यासक्रम तासावर नेमलेल्या माणसांकडून उरकून घ्यावयाचा, ही ती रीत. यासच 'तासिका तत्त्व' असे गोड नाव आहे. हा तासावरचा माणूस बहुधा नामांकित वकील नसतो. तो तुमच्या-आमच्या घरचा पोर असतो. बापाने बैल विकून त्यास शिकविलेले असते, त्याने एल्‌एल.एम. केलेले असते, नेट वा सेट ही परीक्षा उतरलेली असते. कायम अध्यापकास जी पात्रता लागते ती त्याच्यापाशी असते. नसते ती फक्त जागा.

त्याचा हिशेब ऐका. 2019 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पाहुण्या अध्यापकास दर व्याख्यानास 1,500 रुपये आणि महिन्यास जास्तीत जास्त 50,000 रुपये असा दर ठरवून दिला. हा चांगला दर धरून चाला. आठवड्यास सात तास मिळाले तर चार आठवड्यांचे 42,000 रुपये होतात. पण दिवाळीच्या महिन्यात तीन आठवडे वर्ग बंद राहिले की तेच 10,500 वर येतात, उन्हाळ्यात शून्य. तुमचा हंगाम दिवाळीचा, तर त्याची दिवाळी कोरडी! ऊसतोड्यास निदान उचल मिळते. यास तीही नाही. आणि हा कागदावरचा दर प्रत्येक ठिकाणी हातात पडतोच असे समजू नका. आमच्या ओळखीच्या एका तरुणास वर्षभर शिकवूनही नेमणुकीचे पत्र मिळाले नाही. पैसे मागितले तेव्हा पुढील वर्षीचे तास गेले. घटनेतील मूलभूत हक्क शिकविणारा माणूस स्वतःच्या मजुरीविषयी तोंड उघडू शकत नाही, यापरती विटंबना कोणती?

याच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती नीट ध्यानात घ्या. 26 जुलै 1902 रोजी शाहू महाराजांनी जो हुकूम काढला, तो रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्यांस देण्याविषयीचा होता. म्हणजे आपला हक्क हा जागा भरण्याच्या क्षणी जिवंत होतो. जागा भरलीच नाही तर हक्क बसावयाचा कोठे? कायम जागा भरावयाची म्हटली की जाहिरात आली, बिंदुनामावली आली, निवड समिती आली. महाराष्ट्रात 2021 साली अध्यापकांच्या थेट भरतीतील आरक्षणासाठी कायदाही झाला. तासावर नेमावयाचे म्हटले की अनेक ठिकाणी एक चिठ्ठी आणि एक ओळख पुरते. केंद्र सरकारच्या नोकरीत 45 दिवस वा अधिक चालणाऱ्या तात्पुरत्या नेमणुकीसही आरक्षण लागू असते. मग वर्षानुवर्षे चालणाऱ्या या नेमणुका उघड्या का राहाव्यात?

आणखी एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. पूर्वी आपण भटशाहीकडे बोट दाखवीत होतो. आज कित्येक संस्थांचे चालक आपल्यातलेच आहेत, भिंतीवर फुले-शाहू-आंबेडकरांच्या तसबिरी आहेत, आणि तसबिरीखाली बसून आपल्याच पोराची मजुरी अडविली जाते. गादीवरचा माणूस बदलला आणि गादी तीच राहिली, तर चळवळीने मिळविले काय? सत्यशोधकाने सत्य आपल्या घरापासून शोधावे.

संस्थावाले म्हणतील, "पैसा नाही." कायद्याच्या कित्येक महाविद्यालयांस अनुदान नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण इमारतीस पैसा निघतो आणि शिकविणारास निघत नाही, तेव्हा अडचण पैशाची नसून नियतीची असते.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. पूर्णवेळ जागा आधी भराव्यात. अर्धवेळ नेमणूक करावयाची ती जाहिरात देऊन, निवड समितीपुढे, बिंदुनामावली पाहून करावी. पहिल्या तासापूर्वी हाती पत्र द्यावे, महिन्याच्या महिन्यास दाम द्यावा. आणि कोर्टातील अनुभवी वकील बोलवावयाचे तर त्यांत खेड्यातून वर आलेल्या वकिलांस, स्त्रियांस व दलित वकिलांस प्रथम आठवावे.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही एक सांगणे. तुमच्या वर्गात जो शिकवितो, तो कायम आहे की तासावर, हे विचारा. माहितीचा अधिकार 2005 पासून तुमच्या हाती आहे. किती जागा मंजूर, किती भरलेल्या, किती रिकाम्या, हे एका अर्जात विचारता येते. गावकऱ्यांनो, गावातील जे पोर कायदा शिकत असेल त्यास हा अर्ज लिहावयास बसवा आणि खाली तुमच्या सह्या करा. त्याची वकिली तेथूनच सुरू होईल.