आपली बातमी आपणच सांगायची

(कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्याला वाचता येतं त्याने पाड्यावर सगळ्यांना वाचून दाखवावा.)



मला आज आपली गाणी, आपली चित्रं आणि आपलं हे पत्रक यांवर बोलायला सांगितलंय. काल रात्री शेकोटीपाशी एका भावाने मला विचारलं, "दादा, तिकडे प्लॉटातल्या उभ्या नागलीत गार्ड गुरं घालतो, आणि आपण इथे गाणी म्हणत बसायचं काय?" प्रश्न खरा आहे. त्याचंच उत्तर देतो.

आधी तलवाड्याची गोष्ट सांगतो. म्हाताऱ्यांना ती ठाऊक आहे, पोरांना नाही. 1945 साल होतं. मे महिन्यात झरीला किसान सभेची मोठी परिषद झाली आणि वारली माणसाने वेठ करायला नकार दिला. लग्नापायी आयुष्यभर सावकाराच्या घरी राबायचं, ते लग्नगडीपण नाकारलं. पुढे गवत कापायच्या मजुरीसाठी संप झाला. जमीनदार हादरले. मग त्यांनी काय केलं? गावोगाव एक निरोप सोडला: तलवाड्याला सभा आहे, गोदावरी परुळेकरांच्या जिवाला धोका आहे, हत्यारं घेऊन या. आपल्या माणसांनी गोदूताईंवर जीव टाकलेला. हजारोंनी लोक धावले. तिकडे पोलिसांना सांगितलं की वारली दंगा करायला जमलेत. 10 ऑक्टोबरला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याच्यासोबत आणखी चार जण मेले.

म्हणजे बघा, गोळी नंतर सुटली. आधी खोटा निरोप सुटला होता. आपल्याकडे खरा निरोप पोचवायची सोय त्या दिवशी तेवढी पक्की असती, तर माणसं थांबली असती. म्हणून मी म्हणतो, बातमी ही शहरातल्या शिकलेल्या माणसाची चैन नाही. आपल्याला तिची गरज बांधाइतकी आहे. बांध फुटला की वाफ्यातलं पाणी दुसऱ्याच्या शेतात जातं.

आता शहरातल्या पेपरांचं. गोळीबार झाला, मोर्चा निघाला, की ते येतात. इतर वेळी आपली बातमी त्यांना कुठून मिळते? खात्याच्या कचेरीतून. म्हणून तिच्यात शब्दही कचेरीचाच असतो: "अतिक्रमण". आजा कसत होता, बाप कसत होता, मधेच कुणी नकाशावर रेघ मारली, आणि नातू अतिक्रमणवाला झाला! आपण पण तोच शब्द बोलायला लागलो. मामलेदारासमोर आपलाच माणूस हात जोडून म्हणतो, "साहेब, माझं अतिक्रमण आहे." अरे बाबा, तुझा प्लॉट आहे, तुझी शेती आहे, तसं म्हण. स्वतःचा कागद स्वतः लिहायला लागलं की पहिला फायदा हा होतो, की शब्द आपले राहतात.

हे काम आपण पहिल्यांदा करत नाही. जोतीबा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाची माणसं खेड्यापाड्यात जलसे करत. लोक तमाशा बघायला जमत आणि सावकार कसा लुबाडतो ते समजून घरी जात. मुकुंदराव पाटलांनी 1910 पासून 'दीनमित्र' चालवलं. पुण्या-मुंबईतून नव्हे, नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून चालवलं, आणि पन्नासावर वर्षं चालवलं. अण्णाभाऊ साठे फार शाळा शिकले नव्हते. त्यांनी, अमर शेखांनी आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि गिरणीच्या चाळींत, शेतकऱ्यांच्या सभांत डफ वाजवला. ती माणसं सभेआधी गर्दी जमवायला गात नव्हती. त्यांचं गाणं हीच सभा होती.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? धवलेरी रात्रभर लग्न गाते, कुठे कागद बघत नाही. सवाशिणी कुडाच्या भिंतीवर गेरू सारवतात आणि तांदळाच्या पिठाने चौक काढतात. 1976 साली गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हापासून वारली चित्र दिल्ली-मुंबईला पोचलं. चांगलं झालं. कुणी चित्र विकून घर चालवत असेल तर त्याला नावं ठेवू नका. पण एवढं मनात ठेवा: ज्या चित्रात भाताची लावणी आहे ते चित्र दिवाणखान्यात लागतं, आणि ज्या जमिनीवर लावणी होते ती सातबाऱ्यावर लागत नाही. म्हणून चौक आणि तारपा काढाच, सोबत गार्ड काढा, तोडलेली कुडं काढा, मोजणीची साखळी काढा. ज्याला अक्षर येत नाही त्याला ते बरोबर वाचता येतं. आपली चित्रं रेघांची आहेत, त्यामुळे स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने छान उठतात. आत भरायला गेलात तर मात्र मेणकागद फाटतो, तेवढं सांभाळा.

आता गाण्याचं. सरकारने 1978 साली ठराव केला, की 31 मार्च 1978 ला जे वनजमीन कसत होते त्यांचा ताबा कायम करायचा. नंतर 1980 चा वनसंवर्धन कायदा आला आणि दिल्लीची परवानगी लागेल म्हणून घोडं अडलं. आजही कचेरीत गेलं की पहिला प्रश्न येतो, "पुरावा काय?" आपला पुरावा कोणता? दंडाची पावती. खात्याने ज्या साली दंड केला त्या साली तुम्ही तिथे कसत होता, हे त्यांच्याच सहीने ठरतं. पण गार्ड पैसे घेतो, कोंबडी नेतो आणि पावती देत नाही. हे आम्ही सभेत दहा वेळा सांगितलं, कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मग बायांनी नाचाच्या चालीवर पावतीचं गाणं बांधलं. आता लहान पोरंही गार्ड दिसला की "पावती दे" म्हणून तेच म्हणतात, आणि तो पावती फाडतो किंवा परत जातो. काल प्रश्न विचारणाऱ्या भावाला माझं हेच उत्तर आहे.

आता माझी चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण ती ऐकल्याशिवाय उठू नका. एकदा मोर्चानंतर साहेबांनी चौकशी लावतो असं कबूल केलं. मी रात्री कंदिलाच्या उजेडात स्टेन्सिल कापली आणि उत्साहात लिहिलं, "प्लॉट मंजूर झाले!" कुणाला वाचून दाखवलं नाही. दोन रीम कागद छापला आणि बाजारात वाटला. एका पाड्यावरच्या म्हाताऱ्याने ते ऐकलं. त्याने बांबूच्या नळीत जपलेल्या पावत्या काढल्या आणि आता कशाला लागतात म्हणून टाकून दिल्या. पुढे चौकशी आली तेव्हा त्याचे हात रिकामे होते. तो मला काही बोलला नाही. भाकर वाढली. पण तलवाड्याचा निरोप जमीनदाराने खोटा दिला होता, आणि हा मी दिला. हेतू चांगला होता म्हणून त्याच्या पावत्या परत येत नाहीत. आता त्याच्यासाठी शेजारच्या म्हाताऱ्यांचे जबाब गोळा करतोय. ते मानतील की नाही, सांगता येत नाही.

म्हणून आपण काही गोष्टी ठरवायच्या आहेत. एक, दर पाड्याने दोन माणसं नेमायची, त्यात एक बाई. बातमी तीच आणतील. दोन, किती झोपड्या, किती एकर, कोणता वार, कोणती तारीख, हे डोळ्याने बघून, मोजून लिहायचं. चार झोपड्या जळल्या तर चारच लिहा. चाळीस लिहिल्या की साहेब चार पण खोट्या ठरवतो. तीन, छापायच्या आधी मजकूर पाड्यावर मोठ्याने वाचायचा. ज्याच्यावर बीतली त्याने "बरोबर" म्हटलं तरच स्टेन्सिल कापायची. त्याचं नाव टाकायचं की नाही तेही त्यालाच विचारायचं, कारण पोलीस त्याच्या दारात येणार आहे. चार, चूक झाली तर पुढच्या अंकात पहिल्या पानावर कबूल करायची. पाच, प्रत्येक अंकाची एक प्रत गावात जपून ठेवायची. उद्या कुणी विचारलं, त्या साली तुम्ही कुठे होता, तर तारखेसकट हा कागद पुढे करता येईल.

कागदाला, शाईला पैसे लागतात. ते बाहेरून मागितले तर उद्या बाहेरचा माणूस सांगेल काय छापायचं. म्हणून घरटी मूठभर तांदूळ किंवा थोडे पैसे, जमेल ते द्या.

आता मी बसतो. बायांनी पावतीचं गाणं म्हणायचं आहे. ज्यांना येत नाही त्यांनी आज शिकून जा, आणि परवाच्या बाजाराच्या दिवशी आपल्या पाड्यावर दुसऱ्याला शिकवा.

जिंदाबाद!