उकळून नायट्रेट जात नाही



पाणी उकळून प्या, असं आपण घरोघरी सांगत आलो. त्यानं जंतू मरतात, ती सवय सोडू नकाच. पण विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट उकळून जात नाही. आमटीत मीठ जास्त पडलं आणि आपण ती आटवत बसलो, तर काय होईल? वाफ उडून जाते, मीठ पातेल्यातच राहतं, आमटी आणखी खारट! गाळा, तुरटी फिरवा, मेडिक्लोरचे थेंब टाका, मीठ निघत नाही. नायट्रेटचंही तसंच. फक्त मीठ जिभेला कळतं. याला ना रंग, ना वास.

पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024च्या अहवालात महाराष्ट्रातले एक तृतीयांशाहून जास्त नमुने तिच्या पलीकडे गेलेले आहेत. वर्धा, बुलढाणा, अमरावती त्यात ठळक आहेत.

हे नायट्रेट येतं कुठून? युरियाच्या 45 किलोच्या गोणीत जवळजवळ 21 किलो नत्र असतं. पावसाच्या तोंडावर ती एकदम फेकली, की मातीतले जिवाणू त्या नत्राचं नायट्रेट करतात. पिकानं घेतलं तेवढं घेतलं. उरलेलं माती धरून ठेवत नाही, पाण्याबरोबर खाली विहिरीत उतरतं. विहिरीकाठचा उकिरडा त्यात भर घालतोच. महिन्याचं मीठ आपण एका जेवणात वाढतो का? मग पिकालाच का? नत्र हप्त्यानं द्या, माती तपासून द्या.

आता बाळाचं सांगायचं राहतंय. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं, तर नायट्रेटचं नायट्राइट होऊन रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. ओठ, नखं निळसर पडतात. असं दिसलं तर अंगारे-धुपारे नकोत, तडक दवाखाना गाठा. आजीबाई, तुम्ही मायेनं तेच पाणी दोनदा उकळता. पण पुन्हा सांगते, उकळून नायट्रेट जात नाही, त्याचं प्रमाण वाढतं! सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्या. वरचं दूध द्यावंच लागलं, तर तपासलेल्या पाण्यातलं किंवा आर.ओ.च्या पाण्यातलं द्या.

आणि गावच्या जलसुरक्षकाला उद्याच विचारा, आपल्या विहिरीचं नायट्रेट किती आलं? आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला लावा.